लोकरी मावा कोणी घालवला? इतिहासातून निसटलेल्या एका गांधीलमाशीविषयी

धाराशिव जिल्ह्यातील कळंबचा इतिहास विचारला, तर उत्तरे बहुधा ठरलेली असतात. मांजरेचा काठ, निजामाची राजवट, १९४८ ची पोलीस कारवाई, १९७२ चा दुष्काळ, येरमाळ्याची येडेश्वरी आणि अलीकडच्या दशकांत ऊस व सोयाबीन. (यवतमाळ जिल्ह्यातही एक कळंब आहे. त्याचा संबंध पुढे येईल.) या यादीत कीटकांना जागा नाही. टोळधाड आली तर तिची नोंद होते. जी धाड आली आणि ओसरली, ती का ओसरली, हे मात्र कोणी लिहून ठेवत नाही.

लोकरी मावा हे याचे सर्वांत जवळचे उदाहरण. ऊस पिकवणाऱ्या कोणत्याही गावात चाळिशी ओलांडलेल्या माणसाला हा शब्द विचारावा. पांढरी पडलेली पाने त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहतात. पण मावा गेला कसा, असे पुढे विचारले की उत्तर आखूड होते. फवारले, गेला. पाऊस झाला, गेला. या धाग्याची भूमिका अशी की हे उत्तर अपुरे आहे, आणि ते अपुरे राहण्याचे कारण इतिहास लिहिण्याच्या रूढ सवयीत आहे.

आधी घटना पाहू.

जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यातील उसाच्या पानांखाली कापूस चिकटल्यासारखे पांढरे थर दिसू लागले. कीड जगाला नवी नव्हती. जावा बेटावरील उसावरून १८९७ मध्येच तिचे शास्त्रीय वर्णन झाले होते, आणि भारतात १९५८ मध्ये ती पश्चिम बंगालमध्ये नोंदली गेली होती. चव्वेचाळीस वर्षे ती पूर्वेकडे राहिली. महाराष्ट्रात शिरल्यावर मात्र काही महिन्यांत ती कर्नाटकात पोहोचली आणि पुढच्या हंगामापर्यंत राज्याच्या बहुतेक ऊस पट्ट्यांत पसरली. या माव्याच्या माद्यांना प्रजोत्पत्तीसाठी नराची गरज नसते. त्या पानाचा रस शोषतात, गोड चिकट द्रव टाकतात, त्यावर काळी बुरशी वाढते आणि पान अन्न तयार करीनासे होते. वरून पांढरे, खालून काळे असा फड ज्यांनी पाहिला ते तो विसरत नाहीत.

महाराष्ट्राचे साखर उत्पादन २००२-०३ च्या हंगामात सुमारे ६२ लाख टन होते. पुढच्या हंगामात ते सुमारे ३२ लाख टनांवर आले आणि २००४-०५ मध्ये सुमारे २२ लाख टनांवर. ही सारी घसरण माव्याच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे होईल. त्या वर्षांत दुष्काळ होता आणि जमिनीखाली हुमणीही होती. पण ज्या कारखान्यांच्या कार्यक्षेत्रात तिन्ही संकटे एकदम आली, तेथे कोणते किती, हे वेगळे काढत बसण्याइतकी उसंत कोणाला नव्हती.

पहिला उपाय अर्थातच फवारणीचा होता. डायमिथोएट, मॅलॅथिऑन यांसारख्या कीटकनाशकांची शिफारस झाली. अडचण उसाच्या उंचीची होती. आठ-दहा फूट वाढलेल्या, एकमेकांत गुंतलेल्या फडात पाठीवर पंप घेऊन शिरणे आणि पानाच्या खालच्या बाजूला औषध पोहोचवणे हे सांगायला सोपे, करायला जवळजवळ अशक्य काम. जेथे ते पोहोचले तेथे माव्याबरोबर त्याला खाणारे कीटकही मेले, आणि शेजारच्या न फवारलेल्या फडातून मावा परत आला.

याच काळात दुसरी हालचाल सुरू झाली. माव्याने भरलेल्या काही फडांत एका लहान पतंगाच्या अळ्या मावा फस्त करताना आढळल्या. डिफा अफिडिव्होरा हे त्या पतंगाचे नाव. मायक्रोमस नावाचा, पारदर्शक पंखांचा आणखी एक शिकारी कीटकही दिसला. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, कृषी विद्यापीठे आणि बंगळूरचे जैविक नियंत्रणाचे प्रकल्प संचालनालय यांनी या कीटकांची पैदास आणि वाटप हाती घेतले. डिफाच्या अळ्या असलेली पाने एका फडातून तोडून दुसऱ्या फडात नेऊन ठेवणे ही या मोहिमेतील सर्वांत साधी आणि कदाचित सर्वांत परिणामकारक कृती होती. तिसरा कीटक ईशान्य भारतातून, मुख्यतः आसामातून आणला गेला. तो म्हणजे एन्कार्सिया फ्लॅव्होस्क्युटेलम, जेमतेम एक मिलिमीटर लांबीची गांधीलमाशी. आसामच का? कारण तेथे मावा पूर्वीपासून होता आणि तरीही त्याने ऊस बुडवला नव्हता. जेथे कीड जुनी असूनही शांत असते, तेथे तिचे शत्रू शोधायचे, हा जैविक नियंत्रणाचा पहिला नियम.

येथे एक शब्द नीट समजून घ्यावा लागतो. गांधीलमाशी म्हटले की डोळ्यांपुढे पोळे आणि दंश येतो. एन्कार्सिया माणसाला दंश करू शकत नाही. ती बहुतेकांच्या डोळ्यांना दिसतही नाही. ती माव्याच्या शरीरात अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी माव्याला आतून खाते आणि शेवटी रिकाम्या कवचाला भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. मराठी कृषिसाहित्यात अशा कीटकांना परोपजीवी मित्रकीटक म्हणतात. शब्द रुळलेला आहे, पण थोडा फसवा. माणसाच्या केसांतील ऊ किंवा पोटातील जंत हेही परोपजीवीच, पण ते यजमानाला सहसा जिवंत ठेवतात. ही माशी ज्याच्यावर वाढते त्याला हमखास मारते. शेतकऱ्याच्या दृष्टीने सारा उपयोग याच फरकात आहे.

‘आतून खाऊन बाहेर येणे’ ही गोष्ट भारतीय निरीक्षणाला अनोळखी नव्हती. भ्रमर-कीटक न्याय अनेकांनी ऐकलेला असतो. भृंगी किंवा कुंभारीण माशी एका अळीला मातीच्या घरात कोंडते. अळी भीतीने तिचेच ध्यान करते आणि शेवटी स्वतःच माशी होऊन बाहेर पडते. भागवताच्या अकराव्या स्कंधातील अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी शेवटचा गुरू हीच माशी. पैठणच्या एकनाथांनी त्या स्कंधावरील आपली टीका १५७३ मध्ये पूर्ण केली, आणि त्या ग्रंथातून हा दृष्टांत मराठी घरांत, पारायणांत मुरला. निरीक्षण अचूक होते: अळी आत गेली, माशी बाहेर आली. निष्कर्ष तेवढा चुकला. आत गेलेली अळी माशीच्या पिल्लाचे अन्न होती. (काटेकोर बोलायचे तर कुंभारीण माशी अळीला बधिर करून पिल्लासाठी साठवते, म्हणून तिची गणना एन्कार्सियाच्या वर्गात होत नाही, पण तत्त्व जवळचे आहे.)

यावरून पूर्वजांना हसण्याचे कारण नाही. त्याच सुमारास युरोपातील विद्वानही याच कोड्यात अडकले होते. इटलीच्या अल्ड्रोव्हांडीने १६०२ च्या आपल्या ग्रंथात कोबीवरील अळीच्या अंगातून निघालेले लहान कोष नोंदवले, आणि ती त्या अळीचीच अंडी असावीत असे मानले. लेव्हेनहुक आणि व्हॅलिस्नेरी यांच्या निरीक्षणांतून, म्हणजे १७०० च्या आसपास, खरा उलगडा झाला: कोष अळीचे नाहीत, तिच्या मारेकऱ्याचे आहेत. पुढे दीडशे वर्षांनी या माश्यांनी चार्ल्स डार्विनची झोप उडवली. जिवंत अळ्यांना आतून खाण्यासाठी दयाळू ईश्वराने या माश्या मुद्दाम निर्माण केल्या असतील हे आपल्याला पटत नाही, अशा अर्थाचे त्याने १८६० मध्ये आसा ग्रे या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिले. एका परंपरेला या माशीत ध्यानाचे सामर्थ्य दिसले, दुसरीला सृष्टीची क्रूरता. पिकाचा राखणदार म्हणून तिच्याकडे पाहणे त्या मानाने बरेच अलीकडचे. १८८३ मध्ये कोबीवरील अळीची माशी इंग्लंडहून अमेरिकेत मुद्दाम नेण्यात आली. परोपजीवी माशीचे एका खंडातून दुसऱ्या खंडात झालेले हे पहिले हेतुपुरस्सर स्थलांतर मानले जाते.

कीटकाकडून काम करून घेण्याचा भारतातील इतिहास त्याहून जुना आहे आणि तो एका घोटाळ्यापासून सुरू होतो. लाल रंगासाठी लागणारा कोचिनील कीटक ईस्ट इंडिया कंपनीला हवा होता. १७९५ मध्ये ब्राझीलहून जो कीटक बंगालमध्ये आला तो जवळचा पण दुसराच निघाला. त्याचा रंग निकृष्ट होता. मात्र त्याने निवडुंगाचा फडशा पाडला. हेच पाहून एकोणिसाव्या शतकात तो दक्षिण भारतात आणि १८६३ च्या सुमारास श्रीलंकेत निवडुंग मारण्यासाठी नेला गेला. दख्खनच्या गावांभोवतीचा फड्या निवडुंग कमी झाला तो त्याच्याच एका भाईबंदामुळे, १९२६ मध्ये आणलेल्या दुसऱ्या कोचिनील जातीमुळे. हा कीटक गांधीलमाशी नव्हे आणि निवडुंग कीड नव्हे. पण गावाच्या शिवेवरून एक वनस्पती जवळजवळ नाहीशी होते आणि स्थानिक इतिहासात त्याची ओळही नसते, हा नमुना लोकरी माव्याच्या आधीचा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. मावा मित्रकीटकांनीच आटोक्यात आणला, याला पुरावा काय? पाऊस आणि दुष्काळ यांचे काय?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळू नये. जोराच्या पावसाने मावा धुऊन निघतो. दुष्काळाने ऊसच कमी झाला, तर माव्याचे अन्नही घटते. परंतु या कारणांनी एखादा हंगाम समजतो, वीस वर्षे समजत नाहीत. २००५ नंतर ऊस पुन्हा वाढला, पावसाने पुन्हा ओढ दिली, मावा अनेक फडांत आजही सापडतो. पण २००२ सारखी साथ परत आली नाही. कीड आहे आणि साथ नाही, ही स्थिती कीटकनाशकाने येत नाही, कारण त्याचा परिणाम काही दिवसांत ओसरतो. ती येते जेव्हा किडीसोबत तिचे शत्रूही कायमचे वस्तीला येतात. आसामात जे आधीपासून होते, ते महाराष्ट्रात नंतर घडले. यात श्रेय एकट्या एन्कार्सियाचे नाही. आधीचे जड काम डिफा आणि मायक्रोमसने केले. माशी नंतर आली आणि टिकून राहिली. ‘एका माशीने साखर उद्योग वाचवला’ असा मथळा आकर्षक होईल, पण खोटा.

अधिक स्वच्छ उदाहरण पपईचे आहे. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोईमतूरला आढळला आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पसरला. २०१० मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या मदतीने पोर्टो रिकोहून तीन जातींच्या माश्या बंगळूरला आणल्या गेल्या, वाढवल्या गेल्या आणि सोडल्या गेल्या. त्यांतील ॲसेरोफॅगस पपायी ही इतकी प्रभावी ठरली की काही महिन्यांतच कीड उतरणीला लागली. कापसावरील पिठ्या ढेकणाची कथा याहून चमत्कारिक. त्याच्यावरील माशी कोणी आणलीच नाही. ती किडीच्या मागे आपणहून आली. २००९ मध्ये नवी जात समजून तिला एका मराठी कीटकशास्त्रज्ञाचे, डॉ. बंबावाले यांचे नाव देण्यात आले. पुढे असे दिसून आले की ही अमेरिकेत पूर्वीच वर्णिलेली माशी आहे. नियमाप्रमाणे जुने नाव राहिले, मराठी नाव गेले.

मग हे सारे लोकांच्या स्मरणात का नाही? कारण इतिहासाची साधने पैशाच्या मागे तयार होतात. कीटकनाशकाचे बिल असते, दुकानाची पावती असते, कंपनीची जाहिरात भिंतीवर रंगवलेली असते. उधारीच्या वहीत तर ते नक्कीच असते. फडात एकदा स्थिरावलेल्या माशीची पावती कोण फाडणार? ती दुसऱ्या वर्षी विकत घ्यावी लागत नाही, म्हणून तिचा विक्रेता नाही, आणि विक्रेता नाही म्हणून तिची आठवण करून देणाराही नाही. जैविक नियंत्रण जितके यशस्वी, तितके ते कागदपत्रांतून अदृश्य. किल्ल्यांचे आणि लढायांचे तपशील घटवून पाठ करणाऱ्या तरुण वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. पानिपतावर किती सैन्य होते यावर रात्र-रात्र वाद होतात. आजोबांच्या फडातील संकट कशाने टळले, यावर एक प्रश्नही विचारला जात नाही.

या विस्मरणाची किंमत मोजावी लागते. २००२ मध्ये उंच उसात फवारणीने हात टेकले होते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात, म्हणजे त्या दुसऱ्या कळंबच्या जिल्ह्यात, नेहमीपेक्षा उंच वाढलेल्या कापसात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले; शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. पीक वेगळे, कीड वेगळी, आणि मृत्यूंची कारणेही अनेक. तरी पंधरा वर्षांपूर्वीचा अनुभव चर्चेत कोठे दिसला नाही. जो अनुभव लिहिलाच गेला नाही, तो आठवणार कसा?

याचा अर्थ पंप फेकून द्यावा असा नाही. ‘निसर्ग सारे सांभाळतो’ असे सांगणारे लोक शेतकऱ्याची दिशाभूल करतात. जैविक नियंत्रणाचे अपयशही मोठे आहे. अमेरिकेत १९०६ पासून एका पतंगावर सोडलेल्या परोपजीवी माशीने (ती गांधीलमाशी नव्हती, साध्या माशीच्या कुळातली होती) तेथील देखण्या रेशीम पतंगांची संख्या घटवली. म्हणूनच आता कोणताही परदेशी कीटक सोडण्यापूर्वी विलगीकरणात त्याची कसून तपासणी होते. मराठवाड्यातील अडचणी आणखी साध्या आहेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात परोपजीवी कीटक संशोधन योजना चालते आणि तेथे ट्रायकोकार्ड मिळतात. पोस्टकार्डासारख्या एका कागदावर सुमारे वीस हजार अंडी चिकटवलेली असतात, त्यांत ट्रायकोग्रामाची पिल्ले वाढत असतात. कार्डाच्या पट्ट्या कापून पानांच्या खालच्या बाजूला टाचायच्या, आणि माश्या बाहेर पडून खोडकिडीची किंवा बोंडअळीची अंडी शोधतात. पण कार्ड ही जिवंत वस्तू आहे. आठवडाभरात माश्या निघतात. शीतपेटीत ठेवले तरी मुदत थोडीच वाढते. ते उन्हात मोटारसायकलच्या डिकीत ठेवून कळंबपर्यंत आणले, किंवा ते टाचल्यावर दोन दिवसांत शेजाऱ्याच्या सल्ल्याने फवारणी केली, तर शेतात फक्त कागद उरतो. मग ‘कार्डाने काही होत नाही’ हा अनुभव गावभर पसरतो, आणि तो खराही असतो.

विकत आणण्याच्या माश्यांपेक्षा शेतात आधीच असलेल्या माश्यांचा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. कळंबच्या काळ्या रानात रब्बीला हरभरा असतो, आणि हरभऱ्यावर घाटेअळी. तिच्या लहान अळ्यांवर कॅम्पोलेटीस ही सडपातळ काळी माशी अंडी घालते. मेलेल्या अळीजवळ पानाला चिकटलेला, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा लहान कोष दिसतो. पुष्कळांना ती किडीचीच अंडी वाटतात. अल्ड्रोव्हांडीलाही असेच वाटले होते. कीड दिसण्याआधी, ‘सगळे मारतात म्हणून’ केलेली पहिली फवारणी नेमकी या माशीच्या कामाच्या दिवसांत होते. पुढे घाटेअळी वाढते तेव्हा तिला अडवणारे कोणी नसते, आणि दुसरी फवारणी अटळ वाटते. दुकानाच्या वहीत दोन्ही फवारण्या नोंदल्या जातात. माशी कोठेच नाही.

साधने अगदीच नाहीत असेही नाही. साखर कारखान्यांच्या ऊस विकास विभागांची परिपत्रके, तालुका कृषी कार्यालयाचे पीक-परिस्थितीचे अहवाल, विद्यापीठांच्या संशोधन आढावा बैठकांचे खंड, त्या वर्षांच्या स्थानिक वृत्तपत्रांची आतली पाने, हे सारे २००२ ते २००५ या हंगामांसाठी कोठे ना कोठे धूळ खात पडलेले असणार. त्याहून नाजूक साधन म्हणजे तेव्हाचे शेतकरी, ऊसतोड मजूर आणि कारखान्यांचे शेतकी अधिकारी. तेव्हा चाळिशी-पन्नाशीत असलेले आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांना विचारण्याचे प्रश्न मोठे नाहीत: फडात मावा प्रथम कोणत्या महिन्यात दिसला, डिफाच्या अळ्यांची पाने कोणी, कोठून आणि कशात घालून आणली, ती आणल्यावर फवारणी थांबवावी असे कोणी सुचवले आणि कोणी ऐकले नाही, आणि पानांखालची ती पांढरी लोकर विरळ होऊ लागली, तेव्हा उसात आणखी काय उडताना दिसत होते.